दोन बोटांची पंचवीस वर्षं

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी टायपिंग शिकायला घेतलं. टायपिंग येत नव्हतं अशातला भाग नाही. पंचवीस वर्षं दोन तर्जनींनी कीबोर्ड बडवतच होतो, मिनिटाला पस्तीसेक शब्द सहज निघायचे. पण मान कायम खाली आणि नजर बटणांवर. शेवटी मानेनेच तक्रार केली, तेव्हा ठरवलं की आता दहा बोटांनी आणि खाली न बघता. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, ते न बघता तर्जनी ठेवायची जागा चाचपता यावी म्हणून, हे मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं त्यांवरून बोटं फिरत होती.

पहिल्या दिवशीचा वेग मिनिटाला आठ शब्द. करंगळी हलवली की शेजारची अनामिका फरफटत मागे यायची. त्यात तिचा दोष नाही, या दोन बोटांचे स्नायूबंध मुळातच एकमेकांत गुंतलेले असतात. तीन आठवडे झाले तरी आकडा पंधराच्या पुढे सरकेना, तेव्हा या वयात सगळेच म्हणतात ते मीही म्हणून टाकलं, ‘आता कुठला मेंदू शिकतोय!’

हे म्हणणं निम्मं खरं आहे. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मीन या संशोधकांनी २०१५ साली हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं की वेगवेगळ्या बौद्धिक क्षमता वेगवेगळ्या वयात शिगेला पोचतात. माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा वेग अठरा-एकोणीसच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मग उतरत जातो. शब्दसंग्रह मात्र थेट साठीपर्यंत वाढत राहतो. म्हणजे वेग कमी होतो हे कबूल. पण शिकणं थांबतं का? जर्मनीत २००८ साली पन्नाशी-साठीच्या लोकांना तीन महिने तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं गेलं. सलग मिनिटभर चेंडू खेळवणं त्यांतल्या थोड्यांनाच जमलं. विशीतल्यांच्या मानाने हा निकाल अगदीच फिका. तरी मेंदूच्या स्कॅनमध्ये, हलत्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या भागातला करडा थर वाढलेला दिसला. तरुणांच्याही मेंदूत याच भागात वाढ आढळली होती. सराव थांबल्यावर ती वाढ ओसरली, हेही सांगायला हवं.

मग माझं घोडं कुठे अडलं होतं? एक तर जुन्या सवयीत. शाळकरी पोर टायपिंग शिकतं तेव्हा पाटी कोरी असते. माझ्या पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते काय आहे हे मलाच वाचता येत नव्हतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या एका प्रयोगात मिनिटाला सत्तरच्या आसपास शब्द टाइप करणाऱ्या लोकांपुढे कोऱ्या कीबोर्डचं चित्र ठेवलं आणि प्रत्येक अक्षर कुठे असतं ते भरायला सांगितलं. २६ पैकी सरासरी १५ अक्षरंच बरोबर जागी पडली. सवय मुरते तशी तिची सूत्रं हळूहळू मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशीसमूहांकडे जातात, आणि तिथला कारभार आपल्याला विचारून चालत नाही. माझ्या डोक्यात ‘र’ कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं, उजव्या तर्जनीला ठाऊक होतं. करंगळीला शिकवायचं म्हणजे आधी त्या तर्जनीला आवरायचं. कष्ट तिथे जात होते.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. आपण किती शिकलो हे आपण सराव करताना कसं वाटलं त्यावरून ठरवतो, आणि ती मोजपट्टी चुकीची आहे. ब्रिटिश टपाल खात्याला एकदा पोस्टमनना कीबोर्ड शिकवायचा होता. मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. एका गटाला रोज एकच तास सराव, तर दुसऱ्या टोकाच्या गटाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे रोज चार तास. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की कीबोर्ड ओळखीचा व्हायला रोज तासभर बसणाऱ्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, चार तासवाल्यांना सुमारे ५०. तासांच्या हिशेबात थोडं-थोडं करणारे सरळ जिंकले. पण कोण किती समाधानी आहे हे विचारल्यावर सगळ्यांत नाराज निघाला तो हाच एक तासवाला गट! साहजिक आहे. त्यांचे ३५ तास पुरे व्हायला ३५ दिवस लागत होते आणि तोवर चार तासवाले बारा-तेरा दिवसांत मोकळे झालेले दिसत होते. जो गट उत्तम शिकत होता, त्यालाच आपण मागे पडलोय असं वाटत होतं.

असाच चकवा शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ सालच्या प्रयोगातही दिसतो. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकायच्या होत्या. एकेक हालचाल घोटून घेणारे सरावात झकास दिसले, तिन्ही उलटसुलट मिसळून करणारे चाचपडत राहिले. दहा दिवसांनी परत तपासलं तर चाचपडणाऱ्यांचाच हात सरस होता. दर वेळी मेंदूला ‘आता काय करायचं’ हे नव्याने उभं करावं लागतं. त्याने तो दमतो, चुकतो, आणि हालचाल पक्की होते ती त्यामुळेच. मी मात्र एकच धडा सलग वीस वेळा गिरवून, विसाव्या वेळचा आकडा बघून खूश होत होतो.

ते ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ प्रकरणही जाता जाता. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायामापासून पहाटे उठण्यापर्यंत सगळं आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर हे तपासलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवस आला आणि फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. माझे तीन आठवडे म्हणजे नेमके एकवीस दिवस होते, हे आठवून आता हसू येतं.

मी मग धडे मिसळायला लागलो, रोज अर्धा तास, आणि आकड्यावर कागदाचा तुकडा चिकटवून टाकला. चौथ्या महिन्यात वेग जुन्या वेगाशी बरोबरीला आला. मान वर.

पण दोन बोटं कुठे गेलेली नाहीत. अॅन ग्रेबिएल यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने २००५ साली उंदरांना चक्रव्यूहात धावायची सवय लावली, मग बक्षीस बंद करून ती मोडली. बेसल गँग्लियातल्या पेशींचा सवयीचा ठेका विरून गेला. बक्षीस परत ठेवताच ठेका जसाच्या तसा परत आला. मला हे रोज सकाळी पासवर्डच्या चौकटीपुढे पटतं. तो जुना आहे, लिहून ठेवलेला नाही आणि विचारलात तर मला तो सांगता येणार नाही. दहा बोटं ठेवून बसलो की काही सुचत नाही. मग आठ बोटं वर उचलतो, दोन तर्जनी पुढे करतो आणि दुसरीकडे बघतो.