तक्तपोशी (कोकणातील)

लाकडी कड्यांवर (आडव्या तुळयांवर) फळ्या जडवून केलेली जमीन किंवा छत. कोकणी घरात ती मुख्यतः माळ्याला असते. खालून पाहिले तर छत, वर चढले तर जमीन. अलीकडे अंगणात वा समुद्राकडच्या बाजूला उघड्यावरही फळ्यांची अशी बैठक करतात. तिला सर्रास ‘डेक’ म्हणतात.

शब्द फारसी वळणाचा आहे. ‘पोशी’ म्हणजे आच्छादणे, याविषयी वाद नाही. पूर्वपद ‘तख्त’ (आसन) की ‘तख्ता’ (फळी), यावर मात्र मतभेद संभवतो. हिंदीतील ‘तख्तपोश’ लाकडी बाजेला म्हणतात, त्यावरून पहिले मत सुचते. मराठीत त्याच ‘तख्ता’पासून ‘तक्ता’ झाला आणि तक्तपोशीच्या अर्थात बसण्याचा भाव कुठेच नाही, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शब्द बहुधा दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळात रुळला असावा.

हे कसब गलबते बांधणाऱ्या सुतारांकडून घरात आले, असेही मानले जाते. किनाऱ्यावर दोन्ही कामे शेजारी शेजारी चालत, त्यामुळे ते अशक्य नाही. तथापि गलबताच्या डेकला मराठीत ‘तूतक’ हा वेगळा शब्द आहे. शिवाय नावेच्या फळ्यांच्या फटी तेल-राळ लावलेल्या कापसाने ठासून बंद करतात. घरात एका फळीला खाच आणि दुसरीला जीभ काढून जोड बसवतात. दोन परंपरा स्वतंत्र धरणे सोयीचे.

उघड्या तक्तपोशीच्या टिकाऊपणाबद्दल जुन्या घरांचा दाखला दिला जातो, तो जपून घ्यावा. माळ्याची फळी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती कौलांखाली कोरडी राहिली म्हणून. जहाजांचा दाखलाही तसाच. मुंबईत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) आजही तरंगते आहे. पण खारे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही, पावसाचे गोडे पाणी मानवते. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिला की कुजणे सुरू होऊ शकते. लाकूड कोणते यापेक्षा ते किती लवकर सुकते, हा प्रश्न मोठा.

साग सर्वांत भरवशाचा. ऐन, किंजळ चालतात, आंबा उघड्यावर चालत नाही. कोणत्याही जातीचे गाभ्याचे लाकूडच घ्यावे. सालीलगतचे फिकट लाकूड वाळवी आधी खाते. ऐनात टॅनिन, म्हणजे लोखंडाशी मिळून काळे पडणारे तुरट द्रव्य, असते. साधा लोखंडी खिळा मारला की पहिल्याच पावसात त्याभोवती निळसर काळे कडे उमटते, आणि खारा वारा तो खिळाही गंजवतो. म्हणून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरतात.

फळीची कोणती बाजू वर ठेवावी, याचा वाद सुतारांत जुना आहे. फळी सुकताना वार्षिक वलये सरळ होऊ पाहतात आणि सालीकडची बाजू खोलगट होते. भिजून फुगताना उलटे घडते. त्यामुळे ओली फळी जडवणारे साल खाली ठेवतात. वैशाखात नीट वाळलेली फळी जडवली, तर साल वर ठेवणे बरे दिसते : आषाढात फळी मधोमध फुगीर होऊन पाणी कडांकडे वाहते. सागाची १०० मिमी रुंदीची फळी पावसाळ्यात साधारण एक-दोन मिमी रुंदावते. घरातली खाच-जीभ येथे पाणी धरून ठेवते, म्हणून ती टाळून दोन फळ्यांत पाच-सहा मिमी फट सोडतात. त्या फटीत अडकणारा पालापाचोळा काढत राहावा लागतो, नाहीतर कुजणे तिथूनच लागते.

कड्या ४०० ते ४५० मिमी अंतरावर ठेवतात. त्या जांभ्या चिऱ्यावर थेट टेकवू नयेत, कारण चिरा ओल वर ओढतो आणि वाळवीला वाट मिळते. जुन्या घरात खांबाखाली दगडी उथळा (बैठकीचा दगड) असे, तेच तत्त्व येथे लागू. फळीची कापलेली टोके सर्वाधिक पाणी पितात, त्यांना आधी तेल द्यावे. जवसाचे तेल किंवा काजूच्या टरफलांचे तेल चालते. दुसऱ्याने रंग काळपट होतो, आणि कच्चे असल्यास हाताची कातडी भाजते.