फेकून द्यायला आणलेलं अलॅनिन

परवा शेजारच्या काकू मेडिकलमधून सर्दीसाठी अमॉक्सिसिलिनच्या दोनच गोळ्या घेऊन आल्या, म्हणे "घसा धरलाय, जंतू मरतील की". आता सर्दी असते व्हायरसची, आणि ही गोळी बंद पाडते बॅक्टेरियाच्या भिंतीचं काम. व्हायरसला मुळात ती भिंतच नाही, तर गोळी करणार काय डोंबल! (आणि काढ्याने जंतूंची भिंत फुटते म्हणून फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.)

भिंत म्हटलं की विटा आठवतात, पण ही विणलेली असते. आम्ही सोलापूरचे, लहानपण काकांच्या मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे मला ती चादरच दिसते. दोन प्रकारच्या साखरा आलटूनपालटून जोडलेले लांब धागे, प्रत्येक दुसऱ्या साखरेला लोंबणारं अमिनो आम्लांचं छोटं शेपूट, आणि शेजारशेजारच्या धाग्यांची शेपटं एकमेकांत गाठ मारलेली. अख्खी पिशवी म्हणजे एकच अवाढव्य रेणू. आतून पाण्याचा दाब इतका, की काही बॅक्टेरियात तो ट्रकच्या टायरपेक्षाही जास्त भरतो, म्हणजे वीण उसवली की खेळ खलास.

आता माझा आवडता भाग. गाठ मारायला एनर्जी लागते, पेशीत ती एटीपी नावाचा रेणू देतो, पण ही गाठ पडते पेशीच्या पडद्याबाहेर आणि तिथे एटीपी नाही. मग? शेपूट पाच अमिनो आम्लांचं, त्यातली शेवटची दोन डी-अलॅनिन नावाची. गाठ मारणारं एन्झाइम पाचवं अलॅनिन तोडून टाकतं, चौथ्याला क्षणभर स्वतःला चिकटवून घेतं आणि शेजारच्या शेपटाला जोडून देतं. जो बंध तुटला त्याचीच एनर्जी नव्या बंधात गेली. म्हणजे पाचवं अलॅनिन फेकून द्यायलाच आणलेलं, आतूनच भरून दिलेला ॲडव्हान्स म्हणा ना.

काकूंचं अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. पेनिसिलिनचा आकार नेमका या दोन अलॅनिनसारखा, हे टिपर आणि स्ट्रॉमिंजर या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. एन्झाइम फसतं, पेनिसिलिनला पकडतं आणि तसंच अडकून बसतं. काकांच्या मागावर धागा तुटला की ते माग बंद करायचे, गाठ मारायचे, मग परत सुरू. बॅक्टेरियाला माग बंद करता येत नाही. वाढायचं म्हणून जुनी वीण कापणारी एन्झाइम्स चालूच, नवे धागे येणंही चालू, फक्त गाठ पडत नाही, २०१४ मध्ये तर ई. कोलाय या बॅक्टेरियावर असं दिसलं की ते नवे धागे बनवतात आणि लगेच तोडून टाकतात, नुसता फुकटचा खर्च. म्हणूनच जो बॅक्टेरिया वाढतच नाही, झोपलाय, त्याला पेनिसिलिन फारसं काही करत नाही.

व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची तऱ्हा वेगळी. ते एन्झाइमला हात लावत नाही, सरळ शेपटाच्या टोकाची ती दोन अलॅनिनच धरून बसतं. त्यावर एन्टेरोकॉकस जातीच्या काही बॅक्टेरियांनी काय करावं? शेवटच्या अलॅनिनच्या जागी लॅक्टेट नावाचा वेगळाच तुकडा लावला. औषधाची पकड सुटली, आणि भिंतीचं काही अडलं नाही, कारण तो तुकडा तसाही फेकायचाच होता.