रानाच्या कडेचा ताप

फेब्रुवारी लागला की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, गोव्यातल्या सत्तरीकडच्या काजूबागांत बिया वेचायची घाई सुरू होते. पिकलेलं बोंड खाली पडतं, आणि बी शोधायची तर वाकून पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाचोळा, हाताने बाजूला सारावा लागतो. त्याच पातेऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढी गोचिडीची पिल्लं असतात. अंगावर चढली तरी चटकन दिसत नाहीत, चावली तरी बहुतेकदा कळत नाही. मग तीन ते आठ दिवसांत एकदम सणकून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून निघतं. हाच माकडताप.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसंही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे पोचले. पहिली शंका पीतज्वराची (यलो फीवर) होती, कारण त्यातही माकडं मरतात. सापडला मात्र तोवर कुणाला ठाऊक नसलेला विषाणू.

या आजाराच्या साथी सह्याद्रीच्या पट्ट्यातच का येतात, हे समजायला गोचिडीचं वर्ष बघावं लागतं. भरपूर पाऊस आणि खालचा दमट पाचोळा तिला मानवतो. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुराढोरांचं रक्त पितात आणि पाचोळ्यात अंडी घालतात. पाऊस सरल्यावर त्यातून निघालेल्या अळ्या उंदीर, चिचुंद्र्या, पाखरं यांच्यावर जगतात. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पुढच्या अवस्थेतली पिल्लं माकडाला आणि माणसाला चावतात. नेमकी तेव्हाच आपली काजू वेचण्याची, लाकूडफाटा आणण्याची, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पातेरा गोळा करण्याची वेळ असते. गोचिडीचं आणि शेतकऱ्याचं वेळापत्रक असं एकमेकांत अडकलंय, आणि माझ्या मते आजाराचं खरं मूळ इथेच आहे.

जागाही तशीच ठरलेली. रान तोडून बाग केली, बागेला लागून गुरं चरायला सोडली, की माकड, गाय, उंदीर आणि माणूस एकाच पाचोळ्यावर येतात. माणसाला धोका सर्वाधिक असतो तो जंगल आणि बाग जिथे भिडतात त्या कडेला. माकड मेलं की थंड पडत चाललेल्या अंगावरून गोचिडी उतरतात, आणि ते झाड, तो उतार विषाणूने भरून जातो. म्हणून मेलेल्या माकडाभोवती 50 फुटांपर्यंत कीटकनाशक भुकटी मारतात.

कित्येक वर्षं हा ताप शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरताच होता. 2012 च्या अखेरीपासून तो बंदीपूर, निलगिरी, वायनाडकडे दिसला, 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात पोचला. माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकायचं काहीच कारण नाही. पण दर शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात आणि विषाणूवर नेमकं औषध नाही. बागेत जाऊन आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. रानात कधी गेला होतात आणि जवळपास माकड मेलेलं दिसलं का, हे आधी सांगा.