थेटफर्डच्या सपाट रानात माउंटन बाइक : वाळू, ससे आणि पाइनची पार्श्वभूमी

थेटफर्ड फॉरेस्टच्या नकाशावर उंचीच्या रेषा शोधून काढाव्या लागतात. लंडनच्या ईशान्येला साधारण १३० किलोमीटरवर, नॉरफोक आणि सफोक परगण्यांच्या सीमेवर हे जंगल आहे. सखल भागातले ब्रिटनमधले सर्वात मोठे पाइनचे जंगल म्हणून ते ओळखले जाते आणि सुमारे १९,००० हेक्टरवर पसरले आहे. डोंगर एकही नाही. तरी हाय लॉज या केंद्राभोवतीच्या वाटांवर वर्षभर माउंटन बाइकवाल्यांचा राबता असतो. वेल्सच्या डोंगरात सायकल हाणणारे इथे येऊन दमतात. त्याचे कारण सायकलीच्या इतिहासात थोडे सापडते, जमिनीच्या इतिहासात बरेच जास्त.

या प्रदेशाला ब्रेकलँड म्हणतात. खाली खडूचा थर आणि त्यावर हिमयुगात आलेल्या वाळूचे पांघरूण, कुठे दोन-तीन मीटर जाड तर कुठे वीतभरच. पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर. ब्रिटनच्या सर्वात कोरड्या भागांत याची गणना होते. अश्मयुगीन शेतकऱ्यांनी मूळची झाडी तोडली आणि शेळ्या-मेंढ्यांनी ती परत वाढू दिली नाही. बाराव्या शतकापासून त्यात सशांची भर पडली. नॉर्मन लोकांनी आणलेले ससे मांस आणि कातडे यांसाठी मातीच्या बांधांनी घेरलेल्या राखीव कुरणांत पाळले जात. थेटफर्डच्या मठाने १४०० च्या सुमारास आपल्या कुरणाच्या राखणदारासाठी बांधलेली दुमजली दगडी गढी, थेटफर्ड वॉरन लॉज, आजही जंगलात उभी आहे. चोरांची भीती इतकी होती की भिंती किल्ल्यासारख्या जाड ठेवल्या.

सशांनी गवत मुळापासून कुरतडले, बिळे पोखरली, आणि वाळू मोकळी झाली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेकनहीथ गावाजवळ वाऱ्याने उठलेली वाळू पुढच्या काही दशकांत सरकत सरकत सँटन डाउनहॅमपर्यंत पोहोचली. तिने घरे गाडली आणि लिटल औस नदीचे पात्र अडवले. त्या गावच्या टॉमस राइट या जमीनदाराने १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला याचा वृत्तान्त कळवला. गॉर्स या काटेरी झुडपाची कुंपणे एकावर एक रचत जाऊन वाळू थोपवण्याचा खटाटोप त्याने तपशिलाने सांगितला आहे. आज तेच सँटन डाउनहॅम जंगल खात्याचे गाव आहे आणि नदीकाठच्या सायकल फेऱ्यांचा सोयीचा थांबा.

ही वाळू ध्यानात ठेवावी, कारण सायकलच्या टायरखाली तीच येते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती घट्ट बसते आणि टायर छान पकडते. चिखलाने इतरत्र वाटा बंद पडतात तेव्हा थेटफर्ड चालू असते, म्हणून हिवाळ्यात इथे शर्यती भरतात. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत मात्र तीच वाट भुसभुशीत होते. पुढचे चाक रुतते, हँडल आपोआप वळते आणि स्वार आडवा होतो. अशा पट्ट्यात शिरण्याआधीच हलका गिअर घ्यावा, वजन थोडे मागे सारावे, पॅडल एका लयीत मारत राहावे आणि हँडल सैल धरून चाकाला स्वतःची वाट काढू द्यावी. वाळूत मधेच गिअर बदलला की चेनवर पूर्ण जोर असताना ती उडी मारते आणि गती तिथेच संपते.

खडूच्या थरात चकमकीचे दगड आहेत, आणि ते माणसाने साडेचार हजार वर्षांपूर्वीच हेरले. जंगलाच्या मधोमध ग्राइम्स ग्रेव्ह्ज ही नवाश्मयुगीन खाण आहे. इ.स.पू. २६०० च्या आसपास तांबड्या हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खोदलेले चारशेहून अधिक खड्डे तिथे आहेत. काही तेरा मीटरांपर्यंत खोल जातात, कारण सगळ्यात उत्तम काळी चकमक सर्वात खालच्या थरात मिळे. कॅनन (वरिष्ठ पाद्री) ग्रीनवेल यांनी १८६८ ते १८७० मध्ये पहिला खड्डा नीट उपसला तेव्हा कुठे ही चकमकीची खाण आहे हे ठरले. जवळच्या ब्रँडन गावात पुढे बंदुकीच्या चकमकी घडवण्याचा धंदा भरभराटला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटिश फौजेच्या बंदुकांना ठिणगी पुरवली ती इथल्या कारागिरांनी. फोडलेल्या चकमकीची धार वस्तऱ्यासारखी असते. गाडीरस्त्यांवर, ढकललेल्या मातीत आणि जुन्या बांधांवर ती विखुरलेली आहे, आणि तिचा घाव टायरच्या तळव्यापेक्षा बाजूच्या पातळ भिंतीवर बसतो. वजन वाचवायला अतिपातळ भिंतीचे टायर लावणारे इथे हमखास पायी परततात.

पंचाहत्तर किलोच्या स्वाराने २९ इंची चाकाला २.२५ ते २.४ इंचाचे ट्यूबलेस टायर लावावेत आणि हवा पुढे १८ ते २० पीएसआय, मागे २१ ते २३ ठेवावी. याहून कमी केली तर मुळ्यांवर रिम आपटतो. जास्त भरली तर टायर वाळूत टोचल्यासारखा रुततो. प्रत्येक टायरमध्ये साधारण १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, घालावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते सुकले नाही ना हे पाहावे. चकमकीची उभी चीर सीलंटने भरत नाही. तिला रबरी वात खुपसावी लागते. चीर सेंटिमीटरच्या पुढे गेली तर आतून जाड तुकडा लावून ट्यूब घालावी. ट्यूब एकटीच घातली तर ती त्याच चिरेतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते.

जंगल मात्र जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सामायिक जमिनींची वाटणी झाली तेव्हा शेतांच्या कडेला स्कॉट्स पाइनच्या कुंपणरांगा लावल्या गेल्या. छाटणी थांबली आणि त्या वेड्यावाकड्या वाढल्या. आजही ब्रेकलँडची ओळख त्याच आहेत. १८७० नंतरच्या शेतीच्या मंदीत इथली शेती परवडेनाशी झाली आणि मोठ्या जहागिरी शिकारीवर जगू लागल्या. त्यांतली एल्व्हडन ही १८६३ मध्ये विकत घेतली होती महाराजा दुलीपसिंग यांनी. लाहोरच्या गादीवरून कंपनी सरकारने उतरवलेला हा शिखांचा शेवटचा राजा इथे इंग्रज जमीनदारासारखा तितर-फेझंट मारत राहिला. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू झाल्यावर त्यांना एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात पुरले. थेटफर्ड गावात नदीच्या बेटावर त्यांचा अश्वारूढ पुतळा १९९९ पासून आहे, आणि गावचे वस्तुसंग्रहालय ज्या घरात आहे ते घर त्यांचे पुत्र फ्रेडरिक यांनी गावाला दिले. याच एल्व्हडनच्या रानात १९१६ मध्ये जगातल्या पहिल्या रणगाड्यांच्या पथकांनी गुप्तपणे सराव केला. ही जहागीर आजही खासगी आहे. सायकलवाल्याने तिच्या कुंपणाच्या आत जायचे नाही.

पहिल्या महायुद्धात खाणींना टेकू देण्यापुरतेही लाकूड मिळवणे ब्रिटनला कठीण झाले होते. म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी जंगल खाते स्थापन झाले आणि १९२२ पासून ब्रेकलँडच्या पडीक जमिनी घेऊन लागवड सुरू झाली. १९३० च्या दशकात हाय लॉजला बेरोजगारांचे प्रशिक्षण शिबिर होते. देशाच्या इतर भागांतून आलेल्या मजुरांनी इथली जमीन साफ केली. आधी नांगराचे तास काढायचे आणि त्यांत साधारण दीड मीटर अंतराने रोपे लावायची, अशी पद्धत होती. सुरुवातीला स्कॉट्स पाइन, नंतर जास्त झपाट्याने वाढणारे कॉर्सिकन पाइन. आगीला अडवायला चौकोनी तुकडे पाडून मधे सरळ रुंद पट्टे सोडले आणि रस्त्यालगत बीच, ओक, बर्च यांच्या पानगळीच्या रांगा लावल्या.

आजच्या वाटांचा आकार या आखणीने ठरवला आहे. लांबच लांब सरळ रस्ते हे आगपट्टे आहेत, आणि ते कंटाळवाणेच आहेत. मजा आहे ती दोन आगपट्ट्यांमधल्या तुकड्यात, जिथे वाट बांधणाऱ्यांना उंची मिळाली नाही म्हणून त्यांनी रांगांमधून नागमोडी वळणे काढली. उतार नाही म्हणून गुरुत्वाकर्षण फुकट वेग देत नाही. प्रत्येक वळणात गमावलेला वेग पायांनीच परत कमवावा लागतो, विसावा कुठेच नाही. थेटफर्ड दमवते ते यामुळे. इथे चांगला चालवणारा तो, जो ब्रेक कमी लावतो. वळणाच्या आधी वेग थोडा कमी करायचा, नजर पुढच्या झाडाकडे न ठेवता दोन झाडांमधल्या फटीकडे ठेवायची आणि बाहेर पडताना दोनच पॅडल मारायचे. १९९० च्या दशकातली हँडले ५६० ते ६०० मिलिमीटर रुंद होती, आताची ७६० ते ८०० असतात. जुन्या काळात पाडलेल्या काही फटींतून नवी सायकल नेताना बोटे झाडाच्या सालीला घासतात. इथेच जास्त फिरायचे असेल तर हँडल ७४० पर्यंत कापलेले बरे.

मुळ्यांची गोष्ट वेगळी आहे. खडू वर आला की पाइनच्या मुळ्या खोल न जाता आडव्या पसरतात. टायर वरची वाळू उडवतात, मुळ्या उघड्या पडतात, मधली वाळू खणली जाते आणि वाट शिडीसारखी होते. अशा वाटेवर हाडे खिळखिळी होतात. त्यामुळे सपाट जागेला सस्पेन्शन कशाला, हा समज इथे टिकत नाही. पुढे १०० ते १२० मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क पुरतो, मागे हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन नसलेली सायकल, चालते. ओल्या मुळीवर काटकोनात जावे, आणि तिच्यावर असताना ब्रेक लावू नये.

काही तुकड्यांत जमिनीवर गुडघाभर ते कमरेएवढ्या उंचीचे लांब वरंबे दिसतात, ज्यांवरून वाटा वरखाली उड्या मारतात. पाहणाऱ्याला ते सायकलसाठी रचलेले वाटतात. त्यांचे मूळ एका बुरशीत आहे. पाइनचे झाड तोडले की ताज्या खुंटावर हेटेरोबेसिडियन नावाच्या बुरशीचे कण पडतात आणि मुळ्यांना मुळ्या टेकल्या आहेत तिथून ती शेजारच्या जिवंत झाडात शिरते. चुनखडीच्या मातीत ती जास्त माजते. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी १९५० च्या आसपास थेटफर्डमध्येच तिचा अभ्यास केला. एक निरुपद्रवी बुरशी खुंटावर आधी पसरवली तर रोग शिरत नाही, हा उपाय त्यातून आला आणि पुढे युरोपभर वापरला गेला. इथल्या चुनखडीच्या तुकड्यांत तेवढ्याने भागेना, म्हणून तोडीनंतर खुंट उपटून रांगेत ढकलले गेले. त्यांवर माती बसून आजचे वरंबे झाले. आतले लाकूड कुजत असल्याने काही ठिकाणी ते अचानक खचतात. अनोळखी वरंब्यावर उडी घेण्याआधी एकदा सावकाश जाऊन पाहावे.

आता सायकल. कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात १९७६ मध्ये रिपॅक या डोंगरउतारावर पहिली शर्यत झाली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने कारखान्यात बनलेली स्टंपजम्पर ही माउंटन बाइक बाजारात आणली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये तिच्याआधीपासून कच्च्या वाटांवर सायकल नेणारे लोक होते. १९५५ मध्ये त्यांनी रफ-स्टफ फेलोशिप हा क्लब काढला. पण खरा फरक पाडला तो कायद्याने. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टच्या कलम ३० ने घोडेवाटांवर सायकल चालवण्याची मुभा दिली. अट एकच, पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. तेव्हा माउंटन बाइक अस्तित्वातही नव्हती. ती आली तेव्हा तिच्यासाठी हजारो किलोमीटरच्या वाटा कायद्याने आधीच मोकळ्या होत्या, आणि सरकारी जंगलातले रस्ते त्यात मिळाले. हाय लॉजच्या खुणा केलेल्या वाटा स्वयंसेवकांच्या फावड्यांनी आणि जंगल खात्याच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने झाल्या. नावे जुन्या ब्रेकलँडमधली: शेफर्ड, बीटर, लाइम बर्नर, म्हणजे मेंढपाळ, शिकारीत हाकारे घालणारा आणि चुनाभट्टीवाला. तिन्हींत लाइम बर्नर सर्वात अवघड.

नदीकाठी जायचे असेल तर खुणा नीट वाचाव्या लागतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायवाट, निळा म्हणजे घोडेवाट, तिथे सायकल चालते. लिटल औसवरून पूर्वी ब्रँडनपासून थेटफर्डपर्यंत पडाव ओढत नेत. पाणी कमी म्हणून मधे लाकडी दरवाजे घालून ते अडवत आणि सोडत. १८४५ मध्ये रेल्वे आली आणि हा व्यापार विझला. ओढवाटेचा बराच भाग आज पायी चालणाऱ्यांचा आहे, म्हणून सायकलने काठ जवळून पाहायचा तर नदीला समांतर जाणारे जंगलरस्ते घ्यावेत आणि सँटन डाउनहॅमच्या पुलावर पाणी गाठावे. ब्रँडन आणि थेटफर्ड ही दोन्ही स्थानके त्याच जुन्या रेल्वेमार्गावर असल्याने एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परतता येते. लांब सरळ पल्ला हवा असेल तर पूर्वेला पेडर्स वे आहे. नेटिसहॉल हीथपासून उत्तरेला समुद्राकडे जाणारा हा रोमन रस्ता १९८६ मध्ये राष्ट्रीय वाट म्हणून खुला झाला आणि त्याचा बहुतेक भाग सायकलला चालतो. त्याच्या पश्चिमेला लष्कराचे स्टॅनफर्ड सरावक्षेत्र आहे. १९४२ मध्ये गावे रिकामी करून ते घेतले. तिथे न फुटलेला दारूगोळा आहे, म्हणून कुंपण ओलांडणे हा केवळ नियमभंग ठरत नाही.

मार्च ते ऑगस्ट कुत्रा सोडू नये आणि खुणेबाहेर जाऊ नये, कारण तोडलेल्या उघड्या तुकड्यांत वुडलार्क आणि नाइटजार हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. सशांच्या कुरणांचे जुने बांधही उडीसाठी वापरू नयेत. त्यांतले काही संरक्षित स्मारके आहेत आणि वाळूचा बांध दोन हंगामांत चाकांनी चपटा होतो. नेच्यांच्या झाडीतून आल्यावर पायांवर गोचिडी तपासावी. तिच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा धोका खरा आहे. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी, तेल किंवा काडी लावू नये.

घरी आल्यावर वाळू धुणे हा फेरीचाच भाग समजावा. ओली वाळू चेनमध्ये वंगणाशी मिसळून कानशीसारखे काम करते. चेन मोजायच्या पट्टीवर ०.५ टक्के लांबी वाढलेली दिसली की ११-१२ गिअरची चेन बदलावी, नाहीतर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संचही जातो. हिवाळ्यात सेंद्रिय ब्रेक पॅड एखाद्या ओल्या दिवसातही संपू शकतात, म्हणून सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, लावावेत.

जंगल पुन्हा बदलते आहे. कॉर्सिकन पाइनच्या सुयांवर पडणाऱ्या लाल पट्ट्याच्या रोगामुळे २००७ मध्ये त्याची नवी लागवड थांबली आणि तोडलेल्या तुकड्यांत आता वेगवेगळ्या जातींची झाडे लावली जातात. तोड चालू असताना वाट वळवली जाते. लाल फलक दिसला की रविवारीही आत जाऊ नये, कारण रचलेले ओंडके निसटतात, आणि कामाच्या दिवशी झाडे तोडणाऱ्या हार्वेस्टर यंत्राच्या करवतीची साखळी तुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तोड संपल्यावर तीच वाट परत तशीच मिळेल असे नाही. झाडे गेली की फटी जातात आणि वळणे नव्या रोपांच्या रांगांत पुन्हा आखावी लागतात.