गालांची आग आणि काउंटरवरची ट्यूब

तासगावच्या द्राक्षबागेत विरळणीला जाणारी चाळिशीतली बाई तोंडाची आग होते म्हणाली, की घरात ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा भिजत पडतो. सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, दिसतात ते फोड. मग ते मुरूम ठरतात. चेहऱ्यावर लाली, आग आणि फोड आणणारा रोझेशिया हा त्वचारोग आपल्याकडे ओळखला जात नाही, तो बराचसा यामुळेच.

युरोपातही घोळ कमी नव्हता. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या गी द शोलियाक या शल्यविशारदाने या लालीबद्दल लिहिलं, पण लोकांनी शतकानुशतकं दोष दारूलाच दिला. दारूने लाली भडकते हे खरं. पण थेंबही न घेणाऱ्यांना हा आजार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या थॉमस बेटमनने त्याला ‘अ‍ॅक्ने रोझेशिया’ म्हटलं आणि मुरमांचं नातं नावालाच चिकटलं. १८४२ मध्ये गुस्ताव सिमोनने केसांच्या मुळाशी राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याचं वर्णन केलं. तो निरोगी चेहऱ्यावरही असतो, रोझेशियात जास्त सापडतो. २००७ मध्ये कॅथेलिसिडिन या त्वचेतल्या संरक्षक प्रथिनाचं बिघडलेलं काम उजेडात आलं, तेव्हा कुठे दाहाचं मूळ उलगडू लागलं.

काही औषधं त्याआधीच हाती होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, १९८०च्या दशकात मेट्रोनिडाझोलचं जेल. २०१४ मध्ये आयव्हरमेक्टिनचं क्रीम त्यांत आलं.

मला खरी काळजी स्टेरॉइडच्या, म्हणजे दाह झटकन दाबणाऱ्या औषधाच्या ट्यूबची वाटते. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेवर लावून उपयोगी ठरलं, पाठोपाठ जास्त तीव्र स्टेरॉइड आली, आणि चेहऱ्यावर ती लावल्याने रोझेशिया चिघळतो हे १९६९ मध्येच ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम व्हायला २०१८ उजाडलं. गोरेपणासाठी ती अजूनही मागितली जातात.

मिरजेत मिशन दवाखाना १८९४ मध्ये उघडला, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. डॉक्टरांसाठी लांबलांबून लोक या गावात येतात. तरी तासगावच्या बाईची आग तिथवर जात नाही, मेडिकलच्या काउंटरवरच अडते. ट्यूब लावली की दोन दिवसांत बरं वाटतं. थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा तीच आणते. हे चक्र एकटीने तोडणं अवघड असतं. त्वचारोगतज्ज्ञ ती ट्यूब बेताबेताने सोडवतात, उन्हासाठी सनस्क्रीन देतात, डोळे चुरचुरतात का तेही विचारतात, आणि नव्या औषधाचा गुण यायला आठवडे लागतील हे आधीच सांगतात.