मोडलेल्या डावापासून आयर्विन पुलापर्यंत

सांगलीत संभाव्यतेचा अभ्यासगट चालवायचा, तर सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवावं लागतं. दहावीच्या बीजगणितात हा धडा असल्यामुळे ‘नमुना अवकाश’, ‘घटना’ हे शब्द बहुतेकांच्या ओळखीचे असतात. अपूर्णांक मांडून उत्तरही काढता येतं. पण हाच अपूर्णांक का, दुसरा का नाही, असं विचारलं की चांगले चांगले अडखळतात. या विषयाचा इतिहास नेमक्या याच अडखळण्याचा आहे. गटात नव्याने येणाऱ्यांसाठी म्हणून ही पार्श्वभूमी.

समजा, दोघांनी सारखी रक्कम लावून डाव मांडला. ठरलेल्या फेऱ्या आधी जिंकेल त्याला सगळे पैसे. डाव मध्येच मोडला तर वाटणी कशी करायची? लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात उत्तर दिलं : ज्याने जितक्या फेऱ्या जिंकल्या त्या प्रमाणात. हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण एकच फेरी झाली असेल तर ती जिंकणाऱ्याला सगळी रक्कम द्यावी लागते. सोळाव्या शतकातच तार्तालिया या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाने ही विसंगती दाखवली.

उत्तर सापडलं १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात. पास्कलचं उदाहरण असं : प्रत्येकाने ३२ नाणी लावली, तीन फेऱ्या जिंकायच्या आहेत, पहिल्याच्या दोन झाल्यात आणि दुसऱ्याची एक. पास्कल म्हणतो, पुढची फेरी पहिला जिंकला तर ६४ त्याची; हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. ही ३२ त्याची कशीही झाली तरी आहेतच. उरलेल्या ३२ चे निम्मे करा. वाटणी ४८ आणि १६. फर्माची वाट वेगळी. जास्तीत जास्त दोन फेऱ्यांत निकाल लागतो, तेव्हा त्या दोन्ही खेळल्या असं धरा. चार शक्यता होतात आणि त्यांतल्या तीन पहिल्याच्या बाजूच्या. उत्तर तेच.

इथे रॉबरव्हाल या पॅरिसमधल्या गणितज्ञाने आक्षेप घेतला. पहिल्याने पुढची फेरी जिंकली की डाव संपतोच, मग न खेळलेली दुसरी फेरी मोजायची कशाला? शक्यता चार नव्हेत, तीनच. बरोबर शंभर वर्षांनी, १७५४ मध्ये, दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने फ्रेंच ज्ञानकोशात जवळजवळ हेच लिहिलं : दोन नाणेफेकींत निदान एकदा छापा पडण्याची शक्यता दोन तृतीयांश, कारण पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक लागतच नाही.

अभ्यासगटात कुणी ना कुणी हा आक्षेप घेतोच. घेऊ द्यावा, असं माझं ठाम मत आहे. सूत्र सांगून त्याला गप्प बसवलं, तर संभाव्यता शिकण्याची सगळ्यात चांगली संधी गेली. सगळ्यांनी नाणी काढावीत, जोडी-जोडीने टाकावीत, फळ्यावर नोंद करावी. नोंद वाढत गेली की प्रमाण दोन तृतीयांश सोडून तीन चतुर्थांशाकडे सरकताना दिसतं. तीन शक्यता मोजायला हरकत नाही, पण त्यांचं वजन सारखं नाही; पहिलीचं (पहिल्याच फेकीत छापा) निम्मं, बाकी दोघींचं पाव-पाव. एवढं पटायला अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

पुढचा काळ भराभर सांगता येतो. हायगेन्सचं पुस्तक १६५७ मध्ये आलं, याकोब बेर्नुलीचा मोठ्या संख्यांचा नियम (फेकी वाढत गेल्या की प्रमाण खऱ्या शक्यतेकडे सरकतं) त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये, नवी माहिती मिळाल्यावर अंदाज कसा बदलायचा यावरचा बेझचा निबंध, तोही मरणोत्तर, १७६३ मध्ये, लाप्लासचा ग्रंथ १८१२ मध्ये. कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये या साऱ्याला स्वयंसिद्धांचा पाया दिला. पाया म्हणून तिथूनच सुरुवात करायचा मोह होतो. तो आवरावा.

आपल्याकडचा धागा फार लांबचा नाही. महाभारताच्या वनपर्वातला राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगतो, आणि तोच नलाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, देतो; फासे आणि अंदाज एकाच कथेत येतात हे मला फार मोलाचं वाटतं. आधुनिक काळातलं नाव तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली बुध गावी जन्मले. लंडनहून १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले, तेव्हा पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे नजरेने व्हायचा. गाव, शेत आणि शेतातली जागाही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, निवडायची, तेवढाच तुकडा आखून कापायचा आणि वजन करायचं, ही पद्धत देशभर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तुकडा किती मोठा असावा यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा गाजलेला वाद झाला. तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपं आतच धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं. गटातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. या भागात संख्याशास्त्राचे शिक्षक मिळतात त्यात त्या विभागाचाही हात आहे.

आता सांगलीचा स्वतःचा प्रश्न. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द तेव्हा घरोघरी पोचले आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘आता शंभर वर्षं निवांत’ असा घेतला. खरा अर्थ आहे, दरवर्षी शंभरात एक. तीस वर्षं गृहकर्ज फेडणाऱ्याने ०.९९ चा तिसावा घात काढावा : ०.७४. म्हणजे त्या तीस वर्षांत निदान एकदा असा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के.

हा हिशेब दोन गृहीतकांवर उभा आहे : प्रत्येक वर्ष दुसऱ्यापासून स्वतंत्र आणि शक्यता कायम तेवढीच. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेल्या माणसाला दोन्हींबद्दल शंका येणारच, आणि ती यायला हवी. कोयना धरणाचा विसर्ग किती आहे हे कळल्यावर उद्याच्या पातळीचा अंदाज किती बदलावा, हा सशर्त संभाव्यतेचा प्रश्न. म्हणून बेझचा निबंध पुराच्या हिशेबानंतर घ्यायचा, आधी नाही.