विद्युत क्षेत्राची सममिती

विद्युत भारांची मांडणी फिरवली, सरकवली किंवा आरशात पाहिली तरी जशीच्या तशी राहत असेल, तर तिच्या भोवतालचे विद्युत क्षेत्रही त्या क्रियेने बदलत नाही, हा गुणधर्म. गोव्यात बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते; मराठी लेखनात ‘सममिती’ व ‘समरूपता’ हे दोन्ही शब्द आढळतात. भूमितीत ‘समरूप’ त्रिकोणांचा अर्थ निराळा असल्याने येथे पहिला शब्द स्वीकारला आहे.

एकट्या बिंदुभाराचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, लांब सरळ भारित तारेचे अंतराच्या व्यस्त प्रमाणात. विस्तीर्ण सपाट पत्र्याजवळ ते अंतरानुसार बदलत नाही. सममिती लक्षात घेऊन हे तिन्ही निष्कर्ष गौस नियमाने (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारे एकूण क्षेत्र आतल्या भाराच्या प्रमाणात असते) काढता येतात.

या नियमाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. गणितज्ञ लाग्रांज यांनी तो १७७३ मध्ये, तर गणितज्ञ गौस यांनी १८१३ मध्ये मांडला. दोघांचाही विषय गुरुत्वाकर्षणाचा, लंबगोल पिंडांचा होता. गौस यांचे १८३५ च्या सुमाराचे व्यापक विवेचन त्यांच्या निधनानंतर, १८६७ मध्ये छापले गेले. मूळ कल्पना लाग्रांज यांची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. व्यस्त वर्गाच्या नियमाचेही तसेच: तो कूलंब यांच्या नावे (१७८५) ओळखला जातो, पण भारित पोकळ भांड्याच्या आत बल जाणवत नाही, यावरून प्रीस्टली यांनी १७६७ मध्येच तसे अनुमान केले होते. याच नियमावरचे कॅव्हेंडिश यांचे अचूक प्रयोग मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. कारणांतील सममिती परिणामांत उतरते, हे व्यापक तत्त्व प्येर क्यूरी यांनी १८९४ मध्ये मांडले.

सममिती आहे म्हणून गौस नियमाने क्षेत्र लगेच मिळेल, ही समजूत मात्र चुकीची आहे. मंगेशीसारख्या देवळांपुढील अष्टकोनी दीपस्तंभ डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या आठ कोपऱ्यांशी समान भाराच्या आठ उभ्या, अमर्याद लांब तारा कल्पिल्या, तर दर ४५ अंशांनी क्षेत्र तेच येते. तरी भोवतीच्या वर्तुळावर ते सर्वत्र सारखे नसते. तारेसमोर थोडे जास्त, दोन तारांमधल्या दिशेला थोडे कमी. गौस नियम केवळ सरासरी सांगतो. अक्षापासून तारांच्या दुप्पट अंतरावर हा चढउतार सरासरीच्या वर-खाली सुमारे ०.४ टक्के उरतो, कारण तो अंतर-गुणोत्तराच्या आठव्या घाताने विरतो. ठीक अक्षावर क्षेत्र शून्य असते.

द्विध्रुवाला (समान पण विरुद्ध चिन्हांच्या दोन भारांच्या जोडीला) अक्षाभोवती फिरण्याची सममिती आहे, पण तीही पुरत नाही. त्याचे क्षेत्र दोन भारांच्या क्षेत्रांच्या सदिश बेरजेने काढतात. दूरवर ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि समान अंतरावर अक्षरेषेवरचे क्षेत्र लंबदुभाजक प्रतलातील क्षेत्राच्या दुप्पट असते.